मानाचं पहिलं नाव

वाडीकर हितवर्धक मंडळाचं सभागृह घाटकोपरला उभं राहत होतं, तेव्हाची ही गोष्ट. साल चोपन्न. छपरावर पत्रे चढले होते, भिंतींना गिलावा व्हायचा होता, दारांना अजून कवाडं नव्हती. पण आतल्या दर्शनी भिंतीत बसवायची संगमरवरी पाटी मात्र सगळ्याच्या आधी ठरली होती. माणसाचं असंच असतं. घराला दार नसलं तरी चालतं, दारावरचं नाव आधी लागतं.

पाटी होती पहिल्या जर्मन लढाईत वाडीतून गेलेल्या आणि परत न आलेल्या शिपायांची. खेड तालुक्यातली ती वाडी मूठभर घरांची, पण बहुतेक घरांतला एक तरी माणूस पलटणीत गेलेला. आता त्यांची नातवंडं गिरण्यांत, गोदीत, कचेऱ्यांत चिकटली होती. सणाला गावी जाणं जमेनासं झालं तसे गावचे मानपान त्यांनी मुंबईत आणले होते. मान म्हणजे तरी काय? शिमग्याला ग्रामदेवीची पालखी निघाली की ती पहिली कुणाच्या दारात थांबते, एवढंच. पण एवढ्यासाठी भाऊभाऊ जन्मभर अबोला धरतात. वाडीत पालखी पहिली थांबायची ती सकपाळांच्या दारात. सकपाळांचा दशरथ वाडीतून पहिला लढाईत पडला, तेव्हापासून वीराचं घर म्हणून तो मान त्यांना मिळालेला. मग पाटीवरही पहिलं नाव दशरथाचंच यायला पाहिजे, असं दशरथाचा नातू जयवंत म्हणत होता.

जयवंत घाटकोपरलाच राहायचा, विमा कंपनीत कारकून होता. भांग चापून पाडायचा, सदऱ्याची वरची गुंडीसुद्धा लावायचा. आजोबांना त्यानं पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या नावाच्या सावलीत तो वाढला होता. शाळेत कुणी धक्का दिला तर म्हणायचा, "माझे आजोबा बसऱ्याला लढलेत." कचेरीत साहेब रागावला तरी मनात तेच म्हणायचा.

मंडळाच्या बैठकीत नंदू मोरेनं त्याला सगळ्यांसमोर गाठलं.

"पहिलं नाव सकपाळांचं, कबूल," नंदू म्हणाला. "पण नावाखाली कोरायचं काय? पलटण कुठली, हुद्दा काय, पडले कुठं? आमच्या चुलत आजोबांचं पदक आहे घरात, चल दाखवतो. तुझ्याकडं काय आहे रे? बायकांच्या ओव्या?"

सगळे हसले. मंडळाचे अध्यक्ष भाऊ चाळकेही मिशीतल्या मिशीत हसले, मग हात वर करून म्हणाले, "गप रे नंद्या. जयवंता, पाडव्याला पाटी उघडायची आहे. त्याआधी दोन ओळी आणून दे. नुसतं नाव कोरलं तर बोडकं दिसेल बघ."

त्या दिवसापासून जयवंताच्या डोक्यात आजोबा शिरले ते उठेनात.

त्याचे बाबा गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते. त्यांना जाऊन पाच वर्षं झाली होती. बोलणं कमी, पण पंचांगाच्या कडेला बारीक अक्षरात काहीबाही लिहून ठेवायची सवय. जयवंतानं ट्रंकेतली जुनी पंचांगं काढली आणि खोलीभर पसरली. एका कडेला लिहिलेलं होतं, 'बाबा बसऱ्यास गेले.' पुढच्या एका सालात, 'बसरा की अदन? नक्की नाही.' आणखी एका ठिकाणी 'हवालदार', ते खोडून 'नाईक', तेही खोडून नुसतं 'गेले होते'. जणू लिहिणारा एक पाऊल पुढं टाकायचा आणि दोन मागं घ्यायचा. पण एका पानावर शाई ठाम होती:

'उगवतीला खाडी. बांधावर तिसरी खोपी. भोवती खारं पाणी. एकटेच.'

"वनमाला!" जयवंत ओरडला. "सापडलं! बघ, आजोबा एकटे होते. खाडीच्या बांधावर. एकट्यानं बांध राखला त्यांनी!"

वनमाला चूल सारवत होती. सारवता सारवताच तिनं मान वळवली. "राखला असेल. तुम्ही पण उद्या नळावरचा नंबर राखा. कालच्यासारखं पेपर वाचत बसाल आणि घागर तशीच परत आणाल."

पण जयवंताचं लक्ष नव्हतं. त्याला आजीची ओवी आठवली होती. आजी गावीच असायची, गावीच गेली. ती जात्यावर बसली की तीच एक ओवी पुन्हा पुन्हा म्हणायची:

*हिरवा माझा चुडा, कुनी म्हनू नये जुना*
*दूर खाडीच्या बांधाला, माझ्या कुंकवाच्या खुना*

नवरा लढाईत गेल्यावरही आजीनं कुंकू पुसलं नव्हतं. गावात तिला वीरपत्नी म्हणत. वीराची बायको कधी रांडाव होत नाही, असं थोरले आबा, म्हणजे दशरथाचे थोरले भाऊ, चारचौघांत सांगायचे, आणि माणसं त्या म्हातारीच्या पाया पडायची. पितृपक्षात शस्त्रानं गेलेल्यांची चतुर्दशी येते. त्या दिवशी दशरथाचं पान वाढलं जाई, आणि आजी तेवढा दिवस घरात थांबत नसे, रानात निघून जाई. केवढं प्रेम, असं सगळे म्हणत.

बाबांच्या टिपणात खाडीचा बांध, आजीच्या ओवीत खाडीचा बांध. जयवंताला वाटलं, दोन साक्षी जुळल्या.

तरी पलटणीचं नाव हवंच होतं. कुणीतरी सांगितलं, मुलुंडला धोंडजी उतेकर म्हणून पेन्शनर आहेत, त्याच मुलखातले, बसरा पाहून आलेले. जयवंत केळी घेऊन गेला. म्हातारबुवा ओट्यावर तपकीर ओढत बसले होते.

"सकपाळांचा दशरथ?" त्यांचे डोळे चमकले. "उंच? डाव्या कानाची पाळी फाटलेली? अरे, तो तर आमचा पाणीवाला! खेचरांवर पखाली लादून मोर्च्यावर पाणी आणायचा. गोडं पाणी. तिकडं खारट नाहीतर गढूळ, तोंडात घालवत नसे. ह्याच्या खेचरांच्या घंटा ऐकल्या की आम्ही लेकरांसारखे धावायचो."

"खेचरं?" जयवंताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "हुद्दा काय होता त्यांचा?"

"पाणी पाजायचा हुद्दा! ह्याहून मोठा कुठला असतो रे?" म्हातारा खदखदून हसला, मग खोकला.

"आणि... पडले कुठं?"

"पडला? कोण पडला? येताना बोटीत माझ्या शेजारी होता की. धक्क्यावर उतरलो, मिठी मारली, म्हणाला, धोंडू, आता शिमग्याला घरी!"

जयवंत उठला. केळी तिथंच राहिली. वाटेत स्वतःला सांगत आला, वय झालंय, एकाचं दुसऱ्याला लावतात. वनमालानं विचारलं, तेव्हा म्हणाला, "भेटले नाहीत." खेचरांची त्याला लाज वाटली होती, आणि ती लाज इतकी मोठी की तिच्या आड उभी राहिलेली दुसरी गोष्ट त्याला दिसलीच नाही. की दिसली, आणि त्यानं मान फिरवली? ते त्याचं त्यालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी त्यानं भाऊंना दोन ओळी लिहून दिल्या. भाऊंनी त्या मोठ्यानं वाचल्या, नंदूकडं पाहून वाचल्या: 'कैलासवासी दशरथ सकपाळ. बसऱ्याच्या खाडीवर एकट्याने बांध राखताना वीरगती.'

"झकास!" भाऊ म्हणाले. आणि दगड पाथरवटाकडं गेला.

शिमगा सरला, पाडवा आठवड्यावर आला. जयवंत बोरिवलीला आत्याकडं आमंत्रण द्यायला गेला. जानकी आत्या, बाबांची धाकटी बहीण, दशरथाची लेक. मुलाच्या घरामागच्या पडवीत तिचं गावाहून आणलेलं जातं होतं, आणि ती कुळीथ भरडत बसली होती.

"ये रं, बस. चा ठेवते."

"चहा नको. आधी ऐक तर." जयवंतानं खिशातून कागद काढला आणि पाटीवरचा मजकूर वाचला, शाळेतल्या कवितेसारखा, हेल काढून.

जातं थांबलं.

"परत वाच."

त्यानं परत वाचलं. या वेळी हेल जरा कमी झाला.

"खाडी बसऱ्याची, हे कुनी सांगितलं तुला?"

"बाबांनी लिहून ठेवलंय. आणि आजीची ओवी नाही का..."

"ओवीत बसरा हाय?"

जयवंतानं ओवी मनात म्हणून पाहिली. चुडा होता, खाडी होती, कुंकू होतं. "नाही."

"ती खाडी तुझ्या घराच्या मागं हाय, जयवंता. घाटकोपरच्या पल्याड. मिठागराचा बांध. माझा बा तितं राखन करायचा."

पडवीत कोंबडी शिरली. आत्यानं तिला हाकललं नाही, म्हणजे काहीतरी वेगळं आहे, हे जयवंताला कळलं. मग ती बोलायला लागली. थांबत थांबत, जात्यात मूठमूठ दाणे टाकावेत तशी.

दशरथाचा ठावठिकाणा लागत नाही, असा कागद वाडीत आला होता. वर्ष वाट पाहून थोरल्या आबांनी दर्भाचा पुतळा करून जाळला, दहावं-तेरावं केलं. घर वीराचं ठरलं, पालखीचा पहिला मान दारात आला. आणि दोन शिमगे झाल्यावर, तिसऱ्या शिमग्याच्या तोंडावर, पालखी उद्या दारात यायची असताना, दशरथ वेशीवर येऊन उभा राहिला. खांद्यावर पिशवी, दाढी वाढलेली, डाव्या कानाची पाळी फाटलेली.

"आबानं मिठी मारली त्याला," आत्या म्हणाली. "रडला बी. खोटं न्हाई रडला, खरंच रडला. मंग डोळं पुसलं, आनि म्हनाला, दशरथा, उद्या पालखी आपल्या दारात पहिली येनार ती तुझ्या मरनावर. आज तू गावात शिरलास तर मी कुठं तोंड दाखवू? शिमगा होऊन जाऊ दे, मंग बगू. तवर शेतावरच्या मांगरात, त्या खोपटात ऱ्हा."

"पण... भटजींना विचारलं असतं तर..."

"विधी हाय की त्याला. मेलेलं मानूस परत आलं तर त्येचं पुन्यांदा बारसं करायचं, पुन्यांदा त्याच बायकोशी लगीन लावायचं. एका दिसाचं काम. पन गेलेला मान परत आनायचा विधी कुठल्या भटाकडं हाय?"

जयवंतानं हातातला कागद घडी करून खिशात ठेवला.

"भाकरी घेऊन तुझा बाप गेला मांगरात. चौदा वर्षांचा. वीराचा पोरगा म्हनून उद्या पालखीचा दांडा त्याच्या खांद्यावर येनार व्हता, नवा फेटा आनला व्हता त्याला. मी पान्याचा तांब्या घेऊन मागं. बा उठला, हात पसरले, म्हनाला, बाळा! आनि दादा दारातच उबा. भाकरी खाली ठेवली आनि म्हनाला, आमचे बाबा लढाईत पडलेत. शिमगा होईस्तवर तुमी भायेर येऊ नका."

आत्यानं पदर डोळ्याला नाही, तोंडाला लावला.

"बानं हात खाली घेतलं. माझ्याकडचा तांब्या घेतला, पानी प्याला. म्हनाला, गोड हाय. बास, तेवढंच."

दुसऱ्या दिवशी ढोल वाजले. पालखी सकपाळांच्या अंगणात नाचली, नारळ फुटले, गुलाल उडाला. आणि आई, म्हणजे जयवंताची आजी, सणाच्या दिवशी आत जात्यावर बसली. बाया म्हणाल्या, अगं, आज दळण? ती उठली नाही. तेव्हा म्हटलेली ओवी तिनं पुन्हा कधी चारचौघांत म्हटली नाही. आत्यानं ती आता म्हटली, खुंट्यावर हात ठेवून, जातं न फिरवता:

*दारात गं पालखी, ढोल वाजतो अंगनी*
*मांगरी माझा दिवा, जळे तेलाच्या वाचुनी*

"सकाळच्याला मी मांगरात गेले. झाडून काढलेला. ताट घासून पालथं घातलेलं. बा न्हवता."

मग आजीनं दिराशी करार केला. मी बोलणार नाही, पण कुंकू पुसणार नाही. आबांनी तो मान्य केला, आणि त्याचीही कीर्ती करून टाकली. चतुर्दशीला ती रानात का जायची, तर जिवंत माणसाचं पान वाढलेलं तिच्यानं बघवत नसे. दर शिमग्याला कासार यायचा, आजीच्या हातात हिरव्या बांगड्या भरायचा, आणि दाम विचारला की म्हणायचा, "पोचलंय." तो कासार मुंबईहून माल आणायचा. तेवढीच नवऱ्याची खबर. एका शिमग्याला बांगड्या भरून झाल्यावर कासारानं मान खाली घातली आणि दाम मागितला. आजीनं दाम दिला. मग परसात जाऊन भरलेल्या बांगड्या दगडावर फोडल्या. दिवाळी काही तिनं पाहिली नाही.

"आणि बाबा?" जयवंतानं विचारलं.

"तुझ्या बापाची गिरनी परळला. तवा समदे वाडीकर परळ-लालबागला खोल्या घेऊन ऱ्हायले. हाच येडा घाटकोपरला का गेला रं? दाराशी गिरनी सोडून रानात?"

याला घरात नेहमी हसायचे. बाबा म्हणायचे, हवा बरी आहे.

"कासारानं सांगितलं व्हतं त्याला ठिकान. दर ऐतवारी जायचा. जाऊन बांधावर बसायचा. बा खोपीत, हा बांधावर. बोलायचं न्हाई. मला मराच्या आदी सांगितलं त्यानं. म्हनाला, जानके, ओळख द्यायला तोंडच न्हवतं गं. मीच म्हनालो व्हतो ना, आमचे बाबा पडलेत. पन म्हनाला, मी जाऊन बसायचो तितं बांधावर एक लोटी ठेवलेली असायची. समदं मिठागर खारं, आनि लोटीत गोडं पानी. फडक्यानं झाकून. दर ऐतवारी."

जयवंत भिंतीला टेकला.

त्याला एक रविवार आठवला. तो सात-आठ वर्षांचा असेल. बाबांनी त्याला न्हाऊ घातलं, नवा सदरा घातला, भांग पाडला, आणि कधी नेत नसत ते त्या दिवशी घेऊन गेले. ऊन मिठाच्या राशींवरून डोळ्यांत टोचत होतं. बांधावर बाबा म्हणाले, "इथं उभा राहा. सरळ उभा राहा." "का?" "राहा म्हणतो ना." तो छाती काढून उभा राहिला. लांब एका खोपीच्या दारात कुणी उंच म्हातारा उभा होता. बराच वेळ. मग बाबांनी त्याला लोटीतलं पाणी पाजलं, आणि परत आणलं. त्याला वाटलं होतं, बाबांनी आपल्याला खाडी दाखवली. खाडी नव्हती दाखवली. आजोबांना नातू दाखवला होता.

आणि ती ठाम शाई. 'उगवतीला खाडी. बांधावर तिसरी खोपी. एकटेच.' ती लढाई नव्हती. पत्ता होता. बाबा बसरा की अदन म्हणून चाचपडत होते ते ठाऊक नव्हतं म्हणून नव्हे. खरं ठाऊक होतं आणि लिहवत नव्हतं, म्हणून.

"मला आधी का नाही सांगितलंस, आत्या?"

"तू कवा इचारलंस? तू येतोस ते सांगायला येतोस."

बोरिवलीहून परतताना जयवंताला वाटेतला प्रत्येक माणूस आपल्याकडं बघतोय असं वाटत होतं. घरी आल्यावर वनमालानं पाण्याचा तांब्या पुढं केला, आणि त्याला तो घेता येईना. "काय झालं?" तिनं विचारलं. त्यानं सगळं सांगितलं, मुलुंडच्या म्हाताऱ्याचंसुद्धा. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "थोरल्या आबांनी नाव राखायला माणूस घालवला. तुम्ही तेच करताय, फक्त दगडावर." आणि उठून भात उतरवायला गेली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी तो भाऊंकडं गेला. पाटी येऊन पडली होती, गोणपाटात गुंडाळलेली. भाऊंनी कौतुकानं गोणपाट बाजूला केलं. पहिलं नाव, ठसठशीत.

"भाऊ, हे नाव काढायला पाहिजे."

"काय?"

"आजोबा लढाईत गेले नाहीत. परत आले होते ते." पुढचं सांगायला त्यानं तोंड उघडलं, आणि नजर दगडावरच्या नावावर गेली. "म्हणजे... तसं कळलंय आता."

भाऊंनी गोणपाट हळूच पुन्हा दगडावर ओढलं, आजारी माणसावर पांघरूण घालावं तसं. "हे बघ जयवंता. दगड कोरून झालाय. पत्रिका गेल्यात, वाजंत्री सांगितलीत, पहिला नारळ तुझ्या हातानं आहे. आता उद्यावर हे काढलंस तर मोरे काय म्हणतील, तालुका काय म्हणेल? मंडळाची अब्रू आहे. पाडवा होऊन जाऊ दे, मग बघू."

जयवंतानं ते वाक्य ऐकलं. ते कुणाचं आहे, कुठून आलंय, हेही त्याला त्याच क्षणी कळलं. आणि तरी त्याची मान हलली. होकारार्थी हलली. वर मनातून सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याची जितकी शरम वाटली तितकी त्याला अख्ख्या जन्मात कशाची वाटली नव्हती.

पाडव्याला सकाळी सभागृहाच्या दारात गुढी उभी राहिली. चटया भरल्या. मुलं दगडावरच्या पडद्याखाली डोकावत होती. नंदू मोरेनं येऊन जयवंताच्या डोक्यावर फेटा बसवला आणि कानाशी म्हणाला, "जिंकलास लेका. आमचं पदक गेलं तेल लावत." जानकी आत्या पुढच्या चटईवर बसली होती, नव्या लुगड्याची घडी न मोडता, हात मांडीवर. ती त्याच्याकडं बघतही नव्हती.

भाऊंचं भाषण झालं. एकट्यानं राखलेल्या बांधावर ते बराच वेळ बोलले. पडदा सरला. बाहेर ढोल वाजला, गावचाच ठेका, पालखीचा. जयवंतानं नारळ फोडला. करवंटी दुभंगली आणि पाणी त्याच्या पायावर सांडलं. टाळ्या झाल्या. त्यानं हार घातला, वळला, आणि पाहिलं तर पुढच्या चटईवर आत्याची जागा रिकामी होती.

ती बसली होती तिथली चटई तेवढी हातानं सारखी केलेली.

तो फेट्यासकट बाहेर धावला. गल्ली संपते तिथं ती उभी होती, पाठमोरी, उगवतीकडं तोंड करून. लांब मिठाच्या राशी उन्हात पांढऱ्या दिसत होत्या. तिथं कुठलीही खोपी आता उरली नव्हती. मागून ढोल ऐकू येतच होता.

"आत्या."

तिनं वळून पाहिलं नाही.

"झाला का शिमगा?" तिनं विचारलं.

जयवंत तिथं किती वेळ उभा राहिला कोण जाणे. ढोल थांबला. मग त्यानं फेटा काढला. बायका कडेवरचं पोर दुसरीच्या हाती देतात तसा आत्याच्या हातात दिला, आणि माघारी गेला.

सभागृहात चिवडा वाटायला सुरुवात झाली होती. कर्णेवाला तारा गुंडाळत होता. भाऊ कुणाशी तरी हसत बोलत होते, नंदू चिवड्यातले शेंगदाणे निवडून खात होता. जयवंत पाटीखाली जाऊन उभा राहिला. त्याला बाबांचा आवाज आठवला, सरळ उभा राहा. तो सरळ उभा राहिला.

"मंडळी," तो म्हणाला. कर्णा नव्हता, त्यामुळं पहिल्यांदा कुणी ऐकलंच नाही. "मंडळी! ह्या पाटीवरचं पहिलं नाव खोटं आहे. माझे आजोबा बंदूक चालवत नव्हते. खेचरांवरून पाणी पोचवायचे. आणि ते लढाईत पडले नाहीत. ते परत आले होते. शिमग्याच्या आदल्या दिवशी, वाडीच्या वेशीवर."

द्रोणातले हात थांबले. भाऊंनी डोळे मिटून घेतले. मागच्या, कवाड नसलेल्या दारात आत्या येऊन उभी राहिली होती, फेटा पोटाशी धरून.

"मग?" नंदूनं विचारलं. त्याच्या आवाजात आता टोमणा नव्हता. "मग काय झालं रे?"

जयवंतानं सगळ्यांकडं पाहिलं. चेहरा भाजत होता, पण मान खाली गेली नाही.

"मग," तो म्हणाला, "आम्ही त्यांना थांबायला सांगितलं."